समुद्र दिसतो का?

सुट्टीत कुठे जायचं हा विषय निघाला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात, डोंगरवाले आणि समुद्रवाले. डोंगरवाल्यांना वाळू नको असते, कारण ती अंथरुणात येते. समुद्रवाल्यांना घाट नको असतो, कारण पोटातलं वर येतं. "समुद्रावर जाऊन करायचं काय?" असं एक पक्ष विचारतो, "डोंगरावर जाऊन करायचं काय?" असं दुसरा. दोन्हीकडे जाऊन आपण फक्त खातो, हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, पण वादाच्या भरात ते कुणी बोलून दाखवत नाही.

ज्या राज्यांच्या वाट्याला दोघांपैकी एकच आलं, तिथली माणसं सुखी असावीत. राजस्थानात समुद्राचा हट्ट कोण धरणार? आपल्याकडे भूगोलानेच घोळ घालून ठेवला आहे. सह्याद्रीची धार आणि अरबी समुद्र यांच्यामधली कोकणपट्टी पन्नास-साठ किलोमीटरांची. भिंतीवरच्या नकाशावर अंगठा टेकवला तर डोंगर आणि समुद्र दोन्ही त्याखाली झाकले जातात. त्यामुळे "मग दोन्ही करू की!" असं म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात निघतो. आमच्यात ते माझे साडू. त्यांनी या कामासाठी एक्सेलची शीट केली, तिला रंग दिले, तासातासाचे रकाने पाडले आणि फॅमिली ग्रुपवर टाकली. पहिलं उत्तर मावशींचं आलं, जोडलेले दोन हात. ते संमतीचे होते की कोपरापासून होते, यावर पुढे दोन दिवस चर्चा चालली.

बेत असा होता. होळीला जोडून आलेल्या सुट्टीत आधी महाबळेश्वर. मग आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर, खेडवरून दापोलीचं मुरुड, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णै, आंजर्ले, वेळास आणि शेवटी खाडी ओलांडून हरिहरेश्वर. या मार्गाला साडूंनी शास्त्राधारही दिला. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी एकाच गोमुखातून पडतं. त्यातली कृष्णा पूर्वेला तोंड करून निघते ती सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला माहुलीला गाठते आणि कोयना कऱ्हाडला. एका घरून एकदम निघालेल्या गाड्या पहिल्याच चौकात चुकाव्यात आणि पुढे वडापावच्या गाडीवर भेटाव्यात, तसा तो प्रकार आहे. सावित्री मात्र शहाणी. ती सरळ पश्चिमेची दरी उतरते आणि जेमतेम शंभर किलोमीटरांत बाणकोटला समुद्रात जाते. "आपण सावित्रीचा रूट धरतोय," साडू म्हणाले. सावित्रीबरोबर तीन मुलं, सासरे, मावशी आणि मावशींची स्वतःची उशी नव्हती, हा मुद्दा कुणी काढला नाही.

महाबळेश्वरात हॉटेल शोधायला लागलं की कळतं, इथे खोली भाड्याने देत नाहीत, खिडकी देतात. साध्या खोलीचा दर एक आणि 'व्हॅली व्ह्यू'चा त्याहून हजार रुपये वर. "रात्रीची दिसते का दरी?" मावशींनी काउंटरवर विचारलं. मुलगा नवीन असावा. तो म्हणाला, "मॅडम, फील येतो."

खोलीत गेल्यावर सगळे आधी खिडकीकडे धावलो. समोर शेजारच्या हॉटेलची पाण्याची काळी टाकी होती, तिच्याशेजारी आणखी एक टाकी, आणि दोन टाक्यांच्या फटीत दरी. नव्हती असं नाही. एकेकाने त्या फटीसमोर उभं राहून ती पाहून घेतली. खिडकीच्या चौकटीवर सूचना डकवली होती: 'माकडे आत येतात. खिडकी कायम बंद ठेवावी. नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार नाही.' म्हणजे हजार रुपयांची दरी काचेतून बघायची, आणि काचेवर मागच्या पावसाळ्याचे ओघळ. गजावर एक माकड बसलं होतं. ते काचेला नाक लावून आमच्याकडे, आमच्या उघड्या बॅगांकडे आणि बॅगेतल्या चकल्यांकडे टक लावून बघत होतं. त्याला व्ह्यूचा चार्ज पडला नव्हता.

महाबळेश्वरचे पॉइंट ही एक स्वतंत्र संस्था आहे. १८२४ मध्ये जनरल लॉडविक हा डोंगर चढून आला, चार-पाच वर्षांनी गव्हर्नर माल्कमने इथे हवा खायची जागा वसवली, आणि मग साडेचार हजार फुटांवर साहेबांची एकच गर्दी झाली. लॉडविक, विल्सन, बॅबिंग्टन, आर्थर आणि माल्कमची मुलगी म्हणून सांगतात ती केट, प्रत्येकाच्या नावाने एक कडा आहे. साहेब जिथे जिथे दम खायला थांबला तिथे तिथे पॉइंट झाला, असा माझा अंदाज आहे. आता तिथे आपण दम खायला थांबतो, पण आपल्या नावाचं काही होत नाही.

एका पॉइंटवरून मुख्यतः दुसरा पॉइंट दिसतो. हे ध्यानात आल्यावर माझे सासरे एकाच पॉइंटवर बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही पलीकडे जा. मी इथून बघतो. तुम्ही हात करा." केट्स पॉइंटवरून कृष्णेच्या खोऱ्यातलं धरणाचं पाणी दिसतं, ते आम्ही बघितलं. प्रत्येक ठिकाणी दुर्बिणीवाला असतो. तो डोळा लावायला देतो आणि स्वतः न बघता, पाठ केल्यासारखं काय दिसतंय ते सांगत सुटतो, हा प्रतापगड, हे मंदिर, हा झेंडा. मला पूर्ण वेळ स्वतःच्या पापण्या दिसत होत्या. पण तो इतक्या मनापासून सांगत होता की मी प्रत्येक नावाला "हो हो, दिसला" म्हणत गेलो.

खरी गंमत आर्थर सीटवर. इथे सह्याद्री जिथे संपतो तिथे माणूस उभा राहतो. एका अंगाला कृष्णेचं, जोरचं खोरं, अजून देशावरचं, पायरीपायरीने उतरणारं. दुसऱ्या अंगाला सावित्रीचं, एकदम तुटलेलं, बघितलं की पोटात गोळा येईल असं. खालून वारा असा वर चढतो की बाटलीचं बूच दरीत टाकलं तर ते परत येतं. मुलांनी बूच टाकलं, ते परत आलं. साडूंनी मोठ्या विश्वासाने शीटची प्रिंट टाकून बघितली. तीही परत आली, थेट मावशींच्या चेहऱ्यावर. "तुमचा बेत दरीलासुद्धा नको झालाय, जावईबापू," मावशी म्हणाल्या.

आणि तिथे, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, समोर रांगांमागे रांगा उभ्या असताना, आमच्या अख्ख्या कुटुंबाने गाईडला पहिला प्रश्न विचारला, "इथून समुद्र दिसतो का?"

"हवा क्लिअर असेल तर दिसतो," गाईड म्हणाला.

हे वाक्य मी महाबळेश्वरात ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं आहे. हवा क्लिअर असलेला तो दिवस नेमका कधी असतो, हे मात्र कुणी सांगत नाही. मार्चमध्ये तर सगळं कोकण धुरकट असतं. गाईडने बोट केलं. त्या बोटाच्या रोखाने सगळे बघू लागले. सासऱ्यांना आधी एक पांढरी रेघ दिसली, मग तिच्यावर एक जहाज. साडूंनी मोबाइल झूम करून फोटो काढला. त्यात राखाडी रंगाचे तीन थर आले. मधला थर समुद्र असं बहुमताने ठरलं. डोंगरवाल्यांचा मी पुढारी, पण मीही टाचा उंचावून बघतच होतो.

बाकी महाबळेश्वर खाण्यात गेलं, ते सांगायला नको. १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी वेण्णा तलाव बांधून घेतला, तो पाण्यासाठी. आता त्याच्या काठाला प्रामुख्याने कॉर्न पॅटिस असतं. तिथेच मीठ-मसाला लावून लाल मुळे आणि गाजरं विकतात. आमच्या घरी मुळ्याची कोशिंबीर केली की मुलं ताटाच्या कडेला तिची सीमारेषा आखतात. इथे त्याच मुलांनी मुळ्यासाठी रांग लावली. स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे हे मी सांगत होतो, पण ऐकणाऱ्यांची तोंडं भरलेली होती. सासऱ्यांना साखरेचं पथ्य. त्यांनी क्रीम घातलेला पेला हातात घेऊन जाहीर केलं, "हे फळ आहे. फळाला हरकत नसते." पेल्यातलं फळ संपल्यावर खाली राहिलेली साखर-साय चमच्याने खाताना ते दरीकडे तोंड करून उभे होते.

आंबेनळी घाट चाळीसेक किलोमीटरांचा. एवढ्यात गाडी साडेचार हजार फूट उतरते आणि माणसाचे सगळे ऋतू होतात. वरून निघताना स्वेटर, वाडा कुंभरोशीपर्यंत स्वेटर कमरेला, पोलादपूर येईतो कागदाचा पंखा. कानांना दडे बसतात, त्यामुळे सगळे ओरडून बोलतात आणि प्रत्येकाला दुसरा चिडलाय असं वाटतं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढची सीट मिळते, हा नियम असल्यामुळे घाटाच्या तोंडाशी एकदम सहा जणांना गाडी लागायला लागली. मावशींच्या पिशवीत आवळासुपारी, आलेपाक, लिंबाचं लोणचं आणि वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे होते. वाटेत प्रतापगड. १६५६ मध्ये बांधलेल्या त्या गडाच्या पायथ्याशी सासऱ्यांनी १० नोव्हेंबर १६५९ ची भेट अभिनयासह करून दाखवली. अफझलखान साडूंना व्हावं लागलं, उंचीमुळे.

खाली मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या रुंदीकरणाबद्दल मी काही बोलणार नाही. ते २०११ मध्ये सुरू झालं, आमचा थोरला त्यानंतर जन्मला, त्याला आता मिसरूड फुटतंय. पण कशेडी घाटाला बोगदा झालाय, तो खरा. घाट म्हणता म्हणता बोगद्यातून गाडी पलीकडे निघाली तेव्हा मावशी हिरमुसल्या. कशेडीसाठी त्यांनी निम्मं लोणचं राखून ठेवलं होतं.

कोकणातलं बुकिंग साडूंनी फोनवर केलं होतं. तो संवाद स्पीकरवर झाल्यामुळे मला जसाच्या तसा आठवतो.

"खोल्या आहेत का?"

"किती माणसं?"

"नऊ."

"एवढी कशाला?"

"फॅमिली आहे हो. एसी आहे का?"

"वारा आहे."

"सी व्ह्यू मिळेल?"

"समुद्र बघायचा तर समुद्रावर जायचं. खोलीतून कशाला?"

"बरं. जागा चांगली आहे ना?"

"आम्हाला आवडते. तुमचं काय सांगू?"

घाटावरच्या हॉटेलात फोन केला तर ते दरीसुद्धा गिफ्ट पॅक करून देतील असं वाटतं. किनाऱ्यावरचे काका गिऱ्हाइकाला आधी दोनदा परतवून बघतात. तिसऱ्यांदाही ते हटलं नाही तर मग त्याच्यासाठी घावन घालतात. "मुरुडला या, कुणालाही विचारा," एवढंच काका शेवटी म्हणाले. यातही मेख आहे. एक मुरुड रायगडात, जंजिऱ्याचं. दुसरं दापोलीचं. दोघांच्या मध्ये खाड्या. एकाच्या किनाऱ्यावर उभं राहून दुसऱ्याच्या खोलीची किल्ली मागणारी माणसं दर मोसमात निघतात असं काका नंतर म्हणाले. लातूर जिल्ह्यातही एक मुरुड आहे. तिथे अजून कुणी पोचल्याचं ऐकलं नाही, पण पोचलंच तर समुद्र पाच मिनिटांवर नाही.

'समुद्र पाच मिनिटांवर' हे काकांच्या घराबाबत खरं निघालं, फक्त ती काकांची पाच मिनिटं होती. वाट पोफळीच्या वाडीतून, पाटाच्या पाण्यावरच्या फळीवरून, कुणाच्या तरी अंगणातल्या वाळत घातलेल्या आमसुलांना वळसा घालून जाते. मुलं कुरकुरायला लागली तेव्हा मी त्यांना सांगितलं की महर्षी कर्वे याच मुरुडचे आणि परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्याला पायी गेले होते, म्हणजे आपण आलो तो डोंगर त्यांनी उलटा चढला. तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. धाकटा थांबला. "बसू दिलं नाही? नक्की?" त्याने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर चरित्र वाचायची इच्छा पहिल्यांदा दिसली.

घर जांभ्या दगडाचं. ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. आमची सगळी समुद्रवाली मंडळी त्या झोपाळ्यावर जी बसली ती ऊन उतरेपर्यंत उठली नाही. बायको पाच वर्षं "मला फक्त समुद्र हवा" म्हणत होती. दुपारी बाराच्या वाळूवर चार पावलं टाकून ती परत आली, पाय पाटाच्या पाण्यात सोडून बसली आणि म्हणाली, "काल किती छान गार होतं नाही?" मी काही बोललो नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की काही विजय मनातल्या मनात साजरे करायचे असतात.

काकांनी तिचं समाधान केलं. "वर दापोलीला जा संध्याकाळी. गार असतं. मिनी महाबळेश्वर म्हणतात."

हे महाबळेश्वरही मोठं चिवट. आपण ते सोडून शंभर किलोमीटर आलो तरी छोट्या आकारात पुन्हा समोर येतं. जव्हारला जा, ते पालघरचं महाबळेश्वर. म्हैसमाळला जा, ते मराठवाड्याचं. आणि खुद्द महाबळेश्वरकरांना विचारा, ते तुम्हाला कोयनेच्या पाण्याकडे तापोळ्याला पाठवतील, कारण तापोळा म्हणजे मिनी काश्मीर. काश्मीरवाले कुठे जात असतील? स्वित्झर्लंडचं नाव घेत बसत असतील बहुतेक.

आम्ही पोचलो तो शिमग्याचा दिवस. त्यामुळे काकांच्या घरात आमच्यापेक्षा जास्त माणसं मुंबईहून आलेली होती आणि सगळी आमच्या खोल्यांसमोरच्या पडवीत झोपत होती. "पालखी दुपारी येईल. जेवण पालखीनंतर," काकूंनी सांगितलं. दुपारी म्हणजे किती वाजता, असं साडूंनी शीट उघडून विचारलं. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी शीट मिटली. पालखी साडेतीनला अंगणात आली, ढोल वाजले, देवाला नाचवलं. पालखीखाली खांदा द्यायला साडू सगळ्यांच्या पुढे गेले, बराच वेळ नाचले, आणि तिथपासून परत येईपर्यंत शीटचं नाव त्यांनी काढलं नाही. जेवायला पावणेपाच झाले. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, सोलकढी. उशीर झाल्याची तक्रार करायला तोंड रिकामं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हर्णैचा लिलाव. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, होड्या उथळ पाण्यात थांबलेल्या, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला चक्क बैलगाड्या, पोटापर्यंत पाण्यात शिरलेल्या. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे ढीग पडतात आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. लिलावात भाव वाढवत न्यायचा असतो, ही कल्पनाच मावशींना पटेना. बोली पाचशेची झाली की ह्या मागून "साडेतीनशे!" म्हणायच्या. सहाशे झाली, "चारशेच्या वर एक पैसा नाही!" बोलणाऱ्या कोळणीने दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा ती कमरेवर हात ठेवून वळली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही खालून या, मी वरून येते, भेटू मध्ये." लिलाव थांबला. पाचशे दहाला सुरमई मावशींच्या पिशवीत पडली. वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "चारशेला दिली असती. तुम्ही लोकांनी घाई केली."

आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. नावातच कडा आहे म्हणताच डोंगरवाल्यांना हुरूप आला. वर गेल्यावर खाली नारळी-पोफळीचं छप्पर, त्यापलीकडे निळं पाणी आणि पाण्यात सुवर्णदुर्ग असं सगळं एकदम दिसतं. सर्व सहलीत बघण्यासारखी जागा म्हणाल तर मी ही सांगेन. तिकीट नाही, दुर्बिणीवाला नाही. समोर डोळे भरून समुद्र होता. मावशींनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग पाठ फिरवली, कपाळावर हात आडवा धरून पूर्वेच्या धुरकट रेघेकडे बघितलं आणि पुजाऱ्यांना विचारलं, "इथून महाबळेश्वर दिसतं का हो?"

पुजारी म्हणाले, "हवा स्वच्छ असेल तर..."

वेळासला कासवं होती. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथे अंड्यांतून बाहेर येतात. गावातल्या मंडळींनी अंडी जपून ठेवण्यासाठी किनाऱ्यावर कुंपण केलेलं आहे, पाहुण्यांची सोय गावातल्याच घरांतून होते, आणि सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. टोपलीखाली पिल्लं असली तर ती समुद्राकडे सोडायची, नसली तर सगळ्यांनी घरी जायचं. मुंबईकडचे एक गृहस्थ "आज नक्की निघतील ना?" असं कार्यकर्त्याला तीन वेळा विचारून आले. कार्यकर्ता तरी काय सांगणार? निघाली. दोरीच्या अलीकडे शंभर-दीडशे माणसं आणि पलीकडे तळहाताहून लहान पाच काळी पिल्लं, वाळूतल्या पावलाच्या खड्ड्यात पडणारी, उठणारी, पुन्हा पडणारी. "इकडे नाही रे बाळा, सरळ, सरळ!" असं मावशी रस्ता सांगत होत्या.

"यांची आई कुठे असते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ती अंडी घालून समुद्रात निघून जाते, आजी. परत बघायला येत नाही."

मावशींनी चौघांची लग्नं, सात बाळंतपणं आणि आमची ही सहल एवढं सगळं निभावलेलं. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "बरंय बाई तिचं."

वेसवीच्या धक्क्यावरून बागमांडल्याला जायला फेरीबोट आहे. गाडीसकट पलीकडे नेते. गाडी बोटीवर चढवताना दोन मुलं हाताने अशा खुणा करतात की चालकाला आपण विमान उतरवतोय असं वाटावं. बोट सुटली. मधोमध आल्यावर साडू कठड्याला टेकून उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "ही बघा सावित्री. तीच. गोमुखातली." पाणी रुंद, गढूळ, भरतीमुळे उलट वर निघालेलं. सासऱ्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं. "ही तर परत महाबळेश्वरला चाललीय," ते म्हणाले.

हरिहरेश्वरला मात्र पंचाईत झाली. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडी चढते, मग कड्यांच्या खिंडीतून उंच पायऱ्यांनी खाली येते आणि एकदम खडकांवर, लाटांच्या पुढ्यात सोडते. भरती असली तर तिकडे जायचं नाही. आम्ही ओहोटी बघून गेलो. वाऱ्या-पाण्याने खडकाला अशी भोकं पाडली आहेत की मुलांनी त्यात हात घालून घालून कोपरं खरचटून घेतली. डोंगरवाल्यांच्या पाठीला कडा टेकला होता, समुद्रवाल्यांचे पाय भिजत होते, आणि भांडायला काही म्हणता काही उरलं नव्हतं. सगळे जरा अवघडून उभे राहिलो.

तेवढ्यात साडूंचा फोन वाजला. रात्रीच्या मुक्कामाच्या काकू होत्या. "मोदक किती करू? नारळ खवायला घ्यायचाय, आत्ता सांगा."

"मोदक किती?" साडू लाटांवरून ओरडले.

"माणशी तीन," बायको म्हणाली.

"मला एकच," सासरे म्हणाले. याचा अर्थ चार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"उकडीचे की तळणीचे?" मेहुणीने विचारलं, आणि एका क्षणात खडकावर पुन्हा दोन पक्ष उभे राहिले. उकडीचे गार झाले की चिवट होतात, हा एक मुद्दा. तळणीचे काय घरीही होतात, हा दुसरा. मावशींचं म्हणणं, निम्मे निम्मे करायला त्या बाईला काय होतंय? साडू दोन्ही बाजूंची मतं फोनवर पोचवत होते.

काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उकडीचे करते. एकतीस. साडेसातला पानावर बसा," आणि फोन ठेवला.